घशासाठी खडीसाखर

डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं तेव्हाही माझ्या डाव्या गालात खडीसाखर होती.

मी ती जिभेने मागे ढकलली. दाताच्या डॉक्टरपासून तोंडात काय लपवणार, पण सवय. डॉ. टॅन माझ्याच वयाची, सावकाश बोलणारी बाई. आधी तिने मला खाण्यापिण्याचं सगळं विचारलं होतं आणि मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की मी चॉकलेटला शिवत नाही, कोल्ड्रिंक घरात येत नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. सिंगापुरातल्या त्या गोडमिट्ट बबल टीवर मी तिला एक छोटंसं भाषणही दिलं. मग तिने आरसा आत घातला, दिवा जवळ ओढला आणि थांबली.

"हे तोंडात काय आहे?" तिने इंग्रजीत विचारलं.

"औषध," मी म्हटलं. "घशासाठी. मी गाते."

"साखर आहे?"

"रॉक शुगर. पण ती वेगळी. थंड असते."

ती हसली नाही. दिवसातून किती वेळा, म्हणाली. मला प्रश्नच कळला नाही. वेळा कसल्या? ती असतेच. सकाळी रियाजाला, दुपारी ऑनलाइन शिकवताना, संध्याकाळी मुलं घरी शिकायला येतात तेव्हा. झोपताना ज्येष्ठमधाच्या काडीबरोबर एक खडा. तो रात्रभर पुरायचा, म्हणून मी मोठा बघून घ्यायची.

डॉ. टॅनने हातमोजे काढले आणि स्टूल माझ्यासमोर ओढलं. तिने जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते, कारण ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. गोड तोंडात गेलं की दातांवर आंबटपणा चढतो. मग लाळ तो हळूहळू धुऊन काढते, दात पुन्हा सावरतात. त्याला वेळ लागतो. मी तो वेळ कधी दिलाच नव्हता. ती म्हणाली, एखादा माणूस जेवणात केकचा मोठा तुकडा खाऊन उठला तरी त्याच्या दातांचं इतकं नुकसान होत नाही. मी मनातल्या मनात केकच्या जागी वाटीभर श्रीखंड ठेवलं आणि मला रडू यायला लागलं. आठ वर्षं मी श्रीखंडाला नाही म्हणत आले होते.

त्यात माझी लाळ कमी झालेली. सर्दीची, ॲलर्जीची गोळी मी रोज घेत होते, तिने तोंड कोरडं पडतं. तोंड कोरडं म्हणून खडीसाखर. तरीही घसा खवखवतो म्हणून पुन्हा गोळी. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मी शब्दशः करून दाखवलं होतं.

एक्स-रे पडद्यावर आला. वरचे पुढचे दात हिरडीपाशी कमरेत कापल्यासारखे काळे दिसत होते. खालच्या उजव्या दाढांच्या मुळाशी पू होता.

"दाढा या आठवड्यात काढू," ती म्हणाली. "पुढचे दातही वाचणार नाहीत. थांबू नकोस."

मी म्हटलं, "दिवाळीनंतर."

बाईंची डबी

ही सवय मला कोणी लावली असं विचाराल तर कोणीच नाही. मिरजेला मी ज्यांच्याकडे गाणं शिकले त्या माझ्या गुरू, त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणायचो, त्यांच्याकडे चांदीची एक डबी होती. तंबोरा जुळवून झाला की त्या प्रत्येकीच्या हातावर एक खडा ठेवायच्या. "चावायची नाही. गालात ठेव. आपोआप उतरू दे." मग तोंड धुऊन गरम पाणी, मग सा. एक खडा, एकदा. बस्स.

बाईंनी एक खडा दिला, मी त्याचं पोतं केलं. सिंगापूरला आल्यावर घरात एसी, एमआरटीच्या गाडीत एसी, नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीत तर गोठायची वेळ. धुरकट हवेचे दिवस आले की घसा बसायचा. लिटल इंडियातल्या दुकानातून मी दोऱ्यावरची खडीसाखर आणायची, वरवंट्याने फोडायची आणि पर्समध्ये, पलंगाशी, पेटीवर, सगळीकडे डब्या ठेवायची. दातांना कळ येऊ लागली तेव्हा मी दुसऱ्या गालात ठेवायला लागले. एवढी हुशार बाई मी.

दातांकडे लक्ष द्यायचं मला सुचलंच नाही. गाणाऱ्या माणसाला घसा असतो. दात इतर लोकांना असतात.

दिवाळी पहाट

आमच्या इथल्या मराठी मंडळींची दिवाळी पहाट एका काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये होते. पहाटेचा कार्यक्रम, नंतर फराळ. तोवर कित्येक वर्षं मी तिथे कोणाच्या तरी मागे गात होते किंवा भारतातले पाहुणे येईपर्यंत लोकांना बसवून ठेवायला एखादं भजन म्हणत होते. त्या वर्षी पाहुणे नव्हते. त्या वर्षी मी होते. पूर्ण कार्यक्रम माझा.

म्हणून मी डॉ. टॅनला दिवाळीनंतर म्हटलं. पुढचे दात काढून मी व्यासपीठावर बसणार होते का? तिने अँटिबायोटिक दिलं, धोका समजावला, दोनदा फोनही केला. मी उचलला नाही.

रंगीत तालमीला तबलजींनी ठेका धरला आणि मला तोंड उघडेना. दुखत होतं म्हणून नाही. जबडाच खाली येईना. दातखीळ बसते म्हणतात ती अशी. मी खुणेने पाणी मागितलं आणि ते गिळता येईना. आरशात पाहिलं तर हनुवटीखाली उजवीकडे सगळं ताणून तुकतुकीत झालं होतं आणि जीभ वर उचलली गेली होती.

माझा नवरा नितीन चांगी बिझनेस पार्कमधून तसाच निघाला, लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊन हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पोचला. सई, आमची तेरा वर्षांची मुलगी, माझ्याबरोबर टॅक्सीत होती. ती एरवी मराठीत एक शब्द बोलत नाही. त्या दिवशी सगळी वाट एकच म्हणत होती, "आई, नाकाने श्वास घे. आई, नाकाने."

गळा नको

सर्जन तरुण होता. त्याने नितीनला आणि मला एकत्रच सांगितलं. सूज जिभेखाली पसरली आहे. घशाकडे गेली तर श्वास कोंडेल. आत्ताच पू काढायला हवा, दाढा काढायला हव्यात. भूल देताना नाकातून नळी घालून बघू. गेली नाही तर मानेला छेद देऊन श्वासाची वाट करावी लागेल.

नितीन लगेच म्हणाला, "काय लागेल ते करा."

मी त्याचा शर्ट पकडला. बोलता येत नव्हतं. लाळ गळत होती, ती पुसायचंही भान नव्हतं. त्याचा फोन ओढून घेतला आणि टाइप केलं, गळा नको.

त्याने वाचलं. "सुहास, वेडी आहेस का?"

गळा नको.

"अगं, श्वास बंद पडेल! सईला आई पाहिजे. गाणारी नसली तरी चालेल."

ते त्याने प्रेमापोटी म्हटलं हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, या माणसाबरोबर मी एकोणीस वर्षं राहिले आणि याला मी कोण हेच ठाऊक नाही. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. सर्जनसमोर फोन धरला आणि इंग्रजीत लिहिलं, दात घ्या. सगळे घ्या. गळ्याला हात लावू नका.

सर्जनने ते दोनदा वाचलं. तो म्हणाला, पुढचे खराब झालेले दात तसेही काढावेच लागतील, तेही आत्ताच काढू. गळ्याचं तो वचन देऊ शकत नाही. पण प्रयत्न करेन, म्हणाला, शेवटपर्यंत. मग मला आत नेलं. दिव्यांखालून जाताना मी देवाचं नाव घेतलं नाही. मनात सा धरायचा प्रयत्न करत होते आणि तो सापडत नव्हता, इतकी मी घाबरले होते.

शुद्धीवर आले तेव्हा पहिला हात मानेवर गेला. तिथे पट्टी होती आणि पट्टीतून एक नळी बाहेर आली होती. मी किंचाळले असेन, कारण जोसेलिन नावाची फिलिपिनो नर्स धावत आली. "नुसता ड्रेन आहे, मॅम! हनुवटीखालून पू काढायला. गळ्याला काही केलेलं नाही."

गळा शाबूत होता. मी किती वेळ रडत होते सांगता येत नाही. मग जीभ सवयीने वरच्या दातांकडे गेली. तिथे टाके होते.

नाव सांगा

इथे हॉस्पिटलात प्रत्येक औषधाआधी, प्रत्येक इंजेक्शनआधी तुम्हाला तुमचं पूर्ण नाव विचारतात. चूक होऊ नये म्हणून. चांगली पद्धत आहे. माझं नाव सुहासिनी. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा तोंडातून जे निघालं ते माझ्या नावासारखं नव्हतंच. "सु" म्हणायला वरचे दात लागतात, हे मला चव्वेचाळीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. जीभ जायची, टेकायला काही नसायचं आणि हवा फस्सकन निघून जायची. आणि मग माझ्या लक्षात आलं. मी बाथरूमला गेले, दार लावलं, भिंतीला धरून उभी राहिले आणि अगदी हळू सा लावला.

सा आला नाही. ध नाही, नी नाही. जिथे जिथे जीभ दाताला लागते तिथे तिथे भोक होतं. मी गळा वाचवायला दात दिले होते आणि माझं गाणं अर्धं दातांत होतं. इतकी वर्षं गाऊन मला तेवढंही माहीत नव्हतं. मी फरशीवर बसले. त्या वेळी तो गळाही नको झाला होता, हे मी खरं सांगते.

त्यानंतर जोसेलिन औषध घेऊन आली की माझ्या मनगटावरची पट्टी माझ्याकडे वळवायची. "तुम्ही बोट ठेवा, मी वाचते, बरोबर असेल तर मान हलवा." एवढंच. मला वाटतं ते नियमात बसत नसावं.

शेजारच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडलेल्या एक मलय आजी होत्या, सगळे त्यांना मकचिक, म्हणजे मावशी, म्हणायचे. त्यांची कवळी पाण्याच्या कपात ठेवलेली असायची. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "फर्स्ट टाइम, आह?" मी मान हलवली. "आधी रड," त्या त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या. "मग खा. खाताना रडायचं नाही, ठसका लागतो." आणि हिरड्यांनी पपई खायला लागल्या. माझ्या ताटात मऊ भाताची पेज आणि गोड जेली यायची. जेली मी परत पाठवायची. जोसेलिनला वाटायचं मला रंग आवडत नाही.

दिवाळीची पहाट मी त्याच खाटेवर काढली. मंडळींनी कोणा तरी दुसरीला बसवलं होतं. नितीनने व्हिडिओ दाखवायला फोन पुढे केला, मी तोंड भिंतीकडे वळवलं. तो बिचारा उटण्याची पुडी घेऊन आला होता. माझ्या हाताला थोडं लावलं, ओल्या टॉवेलने पुसलं आणि सईसाठी घरी गेला.

घरी

घरी आल्यावर बरं वाटेल असं सगळे म्हणत होते. मला वाटलं नाही. वर्ग बंद ठेवला. पालकांना मेसेज पाठवला की तब्येतीमुळे सुट्टी. पेटीवर सईने तिच्या शाळेच्या फाइली ठेवल्या, मी काढ म्हटलं नाही.

मिरजेहून आईचा व्हिडिओ कॉल यायचा. मी कॅमेरा बंद ठेवायची, नेट नाही म्हणायची. तीच बोलायची, मी हं हं करायची. "आवाज का असा येतोय तुझा? घसा बसला का? खडीसाखर धर गालात." मी फोन ठेवून दिला. ती काही चुकीचं बोलत नव्हती, तिला माहीतच नव्हतं.

आणि खोटं कशाला सांगू, तोंडाला ती हवी असायची. गाल रिकामा वाटायचा. गोळी बदलून झाली होती, दिवसभर घोट घोट पाणी पीत होते, तरी जीभ कोपऱ्यात जाऊन शोधायची. डॉ. टॅनने बिनसाखरेचा च्युइंगम सांगितला, चघळल्याने लाळ सुटते म्हणून. या देशात च्युइंगमवर बंदी, औषधी असला तरी तो फार्मसीत नाव सांगून घ्यावा लागतो. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं आणि मी तशीच परत आले.

नितीनशी भांडण झालं ते वरणभातावरून. रोज तेच का, असं मी म्हटलं, म्हणजे अशा उच्चारात म्हटलं की त्याला कळायला वेळ लागला. तो म्हणाला, "सुहास, जीव वाचला, घसा वाचला. आता दात काय, बसवता येतात. पुढे इम्प्लांट करू. तू अशी का बसतेस मेल्यासारखी?"

"तुला नाही कळणार."

"मग सांग ना! सांग तरी!"

मला सांगायचं होतं, सा कुठे गेला ते. पण ते सांगायला सा म्हणावा लागतो. मी ताट उचललं आणि आत गेले. सई दारात उभी होती. ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "नेव्हर माइंड लाह, आई. यू कॅन स्टिल हम, व्हॉट." गुणगुणता तर येतंच की, म्हणे! मी तिच्यावर इतकी ओरडले की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

कवळी आली. तालूवर प्लास्टिकचं छत, पुढे सहा गोरेपान दात. आरशात मी बरी दिसत होते. सा म्हटला तर शिट्टी वाजली. डॉ. टॅन म्हणाली, सरावाने सुधारेल. इम्प्लांटचं विचारलं तर म्हणाली, हाड भरू दे, तोंडाचा कोरडेपणा आटोक्यात येऊ दे, उरलेले दात टिकतात का बघू. ती कधी खोटी आशा दाखवत नाही. त्या दिवशी तिने दाखवली असती तर मला चाललं असतं.

काळी चार

एका दुपारी मी बेसिनपाशी कवळी धूत होते. सई शाळेतून आली, बॅग टाकली आणि थोड्या वेळाने घरात तानपुरा सुरू झाला. फोनवरचा, ॲपमधला. माझ्या पट्टीत, काळी चार. सईने दोन वर्षांपूर्वी गाणं सोडलं होतं. बोअरिंग म्हणून.

"तो कशाला लावलास?" मी आतूनच विचारलं.

"टू क्वाएट, लाह. आय कान्ट स्टडी." मग मराठीत, "नेहमी असतो ना आवाज. आता नाही. मला कसंतरी होतं."

मी नळ बंद केला. तोंड रिकामं होतं, कवळी हातात. तानपुरा चालू होता. मी काही ठरवलं नाही. नुसता आ लावला. आकाराला दात लागत नाहीत. जीभ कुठेही टेकत नाही, तोंड उघडायचं आणि घशाने गायचं. आवाज आला. जाडसर, थोडा हलणारा, पण सुरात. ज्या गळ्यासाठी मी नवऱ्याचा शर्ट धरला होता तो गळा होता तिथेच होता.

बाहेरून सई म्हणाली, "सा."

तिने तो अगदी कोरडेपणाने म्हटला, वहीतून मान वर न करता म्हटला असावा. मी तोच स्वर आकारात धरून ठेवला. ती म्हणाली, "रे." मी रे लावला. ग, म, प. धैवतावर माझा आवाज फुटला आणि मी बेसिनला धरून रडायला लागले, तशीच, बिनदातांची.

"ओके लाह, आई," ती म्हणाली. "टुमॉरो."

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गालात आत्ता काही असेल, खडीसाखर, आवळा कँडी, आलेपाक, काहीही, तर कृपा करून ते काढा आणि पाणी प्या. गोड खायचं तर जेवणाबरोबर खा आणि उठा. दिवसभर चघळत बसू नका. तोंड सारखं कोरडं पडत असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि दात काढायला सांगितलं तर कुठल्याही दिवाळीसाठी थांबू नका. मला यापलीकडे शहाणपण नाही.

मी बरी झाले का? सूज गेली. हनुवटीखाली व्रण आहे. आणखी एक दात हलतोय. आईने अजून मला पाहिलेलं नाही. यंदाच्या दिवाळी पहाटेसाठी विचारायला फोन आला, मी नाही म्हटलं आणि नंतर खूप वेळ फोन हातात धरून बसले.

वर्ग मात्र पुन्हा सुरू केला आहे. पेटीवरच्या डबीत आता काही नसतं, मुलं घरून पाण्याची बाटली आणतात. कवळीने अजून शिट्टी वाजते, म्हणून शिकवताना मी ती काढून ठेवते आणि तोंडाला मास्क लावते. इथे त्याचं कोणाला काही वाटत नाही. मुलांना वाटतं ही शिकवायची नवी पद्धत आहे.

तानपुरा लागतो. सा मुलं म्हणतात. मी आ लावते.